सोनाराच्या वेषातला गुरू

ही लेन्स पहिल्या रांगेपासून मागे फिरवत न्या. काचेला बोट लावू नका, बाकी हवी तशी उलटीपालटी करा. पुढच्या कडीवर काय कोरलंय? कार्ल झाइस येना, सोनार, १:१,५, ५ सेंटिमीटर. झाइस ही जर्मनीतल्या येना गावची भिंगं बनवणारी कंपनी, सोनार हे तिच्या लेन्सचं नाव. आपण ‘सोनार’ वाचून खूश होतो. जर्मन लोक ‘झोनार’ म्हणतात. तो ‘झ’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही मी मुंबईच्या चोर बाजारात घेतली. विकणाऱ्याने नाव दाखवलं, मी नाव वाचलं, पैसे मोजले. आता मी नाव सगळ्यात शेवटी वाचतो. अहो, नावाची कडी आट्यावर फिरवून काढता येते!

आधी बघायचा तो माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते तो भाग. सोनारची ही रचना लुडविग बेर्टेले यांची, १९३२ मध्ये झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर आलेली. भिंगं सात, पण चिकटवून केलेले गट तीनच. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. तेव्हा काचेवर कोटिंग, म्हणजे उजेड परतणं कमी करणारा पातळ थर, नसायचं आणि अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परतून जायचा, म्हणून या काटकसरीला मोल होतं. कॉन्टॅक्सचा वैरी लायका. आणि तुमच्या हातातल्या लेन्सला आहे लायकाचा ३९ मिलिमीटरचा आटा! प्रतिस्पर्ध्याच्या कॅमेऱ्याला बसणारी लेन्स झाइस कशाला बनवेल? युद्धकाळात थोड्या बनवल्या होत्या, नाही असं नाही. पण तो आटा दिसला की कान टवकारायचे.

मग कडीवरचा क्रमांक आणि लेन्सचं अंग यांचं जुळतंय का ते पाहायचं. येनाचे क्रमांक वर्षागणिक चढत गेले. १९३२-३३ च्या सुमारास १३-१४ लाख, १९३९ मध्ये २५-२६ लाख. सुरुवातीच्या सोनार काळ्या नि निकेलच्या, १९३६ च्या कॉन्टॅक्स-२ बरोबर क्रोम आलं. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांचं कोटिंगचं पेटंट १९३५ चं. तशा लेन्सवर पुढे लाल ‘टी’ कोरू लागले. आता १४ लाखांचा क्रमांक आणि काचेवर कोटिंगची निळसर झाक असेल, तर एक तर कोटिंग मागाहून करून घेतलंय, नाही तर कडी एकीची नि काच दुसरीची. वजनावर मात्र फार विसंबू नका. पितळेवर क्रोम चढवलेली लेन्स हाताला जड लागते खरी, पण युद्धात ॲल्युमिनियमच्याही निघाल्या.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येनात शिरलं आणि परतताना झाइसची निवडक माणसं पश्चिमेला घेऊन गेलं. मागून आलेल्या सोव्हिएतांनी यंत्रसामग्री उचलली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला हीच लेन्स ‘झेका’ नावाने निघाली. झेका म्हणजे झोनार क्रास्नोगोर्स्क. तो ‘झ’ हा असा रशियनमध्ये जाऊन बसला. पुढे तिचं नाव झालं ज्युपिटर-३. ती लायकाच्या आट्यात भरपूर बनली, आणि तिचं साल ओळखणं अगदी सोपं: क्रमांकाचे पहिले दोन आकडे. ५६ ने सुरू झाला तर १९५६. म्हणूनच नकली करणारा पहिल्यांदा कडीच घासतो आणि त्यावर झाइसचं नाव, झाइसला शोभेल असा क्रमांक कोरतो.

ज्युपिटर म्हणजे आपला गुरू. सोनाराचे पैसे मोजून मी गुरू घरी आणला होता, आणि हे मला कळलं ते पावसाळ्यात. लेन्सला बुरशी लागली म्हणून उघडायला घेतली. आत भिंगांच्या नळीवर कारागिराने सुईने खरडलेले तीन आकडे होते. ज्युपिटरमध्ये असे पुष्कळदा सापडतात, क्रमांकाचे शेवटचे तीन. मी कडी शेजारी ठेवून ताडून पाहिलं. तिन्हींतला एकही जुळेना.

कुठवर पोचली? चौथी रांग? त्या कडीवरून नख फिरवून बघा, घासलेलं लागतं हाताला.