बापाच्या तबकड्या, पोराची कॅसेट

नमस्कार मंडळी. आज एकाच अल्बमबद्दल बोलायचं ठरवलंय. 'फ्रायडे' या अमेरिकन विनोदी चित्रपटाचा साउंडट्रॅक, एप्रिल १९९५ मध्ये प्रायॉरिटी रेकॉर्ड्सनं काढलेला. बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो दोन आठवडे पहिला होता. पण मी तो निवडला तो त्यातल्या शेजारामुळे. इथे रॅप आहे, आणि रॅपच्या मांडीला मांडी लावून बसलेलं सोल आणि फंकही आहे, म्हणजे आधीच्या पिढीचं कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत. आइस क्यूब आणि सायप्रस हिल जिथे, तिथेच आयझली ब्रदर्स, रिक जेम्स आणि रोझ रॉइस हा गट.

चित्रपटाची गोष्ट अगदी साधी. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातला एक शुक्रवार. क्रेगची नोकरी आदल्याच दिवशी गेली आहे. त्याचा मित्र स्मोकी याला विकायला दिलेला गांजा त्यानं स्वतःच ओढून संपवलाय, आणि त्याचे दोनशे डॉलर रात्री दहापर्यंत चुकते करायचेत. दोघं घरापुढच्या ओट्यावर बसून गल्ली बघत राहतात. बस, एवढंच. आइस क्यूब आणि डीजे पू यांनी पटकथा लिहिली, आणि एफ. गॅरी ग्रे या पंचविशीतल्या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. शूटिंग वीसेक दिवसांत उरकलं, तेही ग्रे ज्या वस्तीत वाढला तिथेच.

हे कोणत्या काळात चाललंय ते लक्षात घ्या. १९९२ मध्ये याच भागात दंगल पेटली होती. त्याच्या आगेमागे आलेल्या चित्रपटांतून ही वस्ती दिसली ती गोळीबार आणि अंत्ययात्रांची. त्यातल्या एका गाजलेल्या चित्रपटात स्वतः आइस क्यूबनंच काम केलं होतं. त्याला आता सांगायचं होतं की तिथली माणसं हसतातसुद्धा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची टिंगल करतात, आईबापांच्या शिव्या खातात. अशा घरात संगीत कुठलं असणार? पोराच्या खोलीत रॅपची कॅसेट, आणि बैठकीच्या खोलीत बापाच्या तबकड्या. हा अल्बम मला तसाच ऐकू येतो, एकाच घरातल्या दोन खोल्यांमधून एकदम.

आता आयझली ब्रदर्सबद्दल सांगते, कारण इथे एक फार सुंदर धागा आहे. त्यांनी १९७७ मध्ये 'फूटस्टेप्स इन द डार्क' नावाचं संथ, थोडं धास्तावलेलं गाणं केलं. त्याची गिटार आणि ठेका उचलून आइस क्यूबनं 'इट वॉज अ गुड डे' बांधलं. एक अख्खा दिवस कुणी मेलं नाही, पोलिसांनी अडवलं नाही, आईनं नाश्ता बनवला, एवढंच त्या गाण्यात घडतं. त्याचा व्हिडिओ कुणी केला? याच एफ. गॅरी ग्रेनं. म्हणजे 'फ्रायडे' ज्या बीजातून उगवला त्या बीजातच आयझलींचा सूर होता. आणि त्या व्हिडिओनंतर दोन वर्षांनी चित्रपट आला तेव्हा आयझली ब्रदर्स स्वतः अल्बमवर गायला हजर आहेत, 'ट्राइंग टू सी अनदर डे' घेऊन.

जुन्या रेकॉर्डचा तुकडा असा नव्या गाण्यात वापरणं म्हणजे सॅम्पलिंग. ते काय हे कुणी विचारलं की मी गोधडी दाखवते. आजीची नऊवारी फाटते, तिचे तुकडे गोधडीत जातात, काठ ओळखू येतो पण लुगडं उरत नाही. हिप-हॉपनं सोलचं असंच केलं, आणि फार मायेनं केलं. पण या अल्बमनं ट्रंक उघडून अख्खं लुगडंच बाहेर काढलं. रॅपर डॉ. ड्रे आणि त्याच्या पिढीनं पार्लमेंट-फंकाडेलिक या ज्या जुन्या फंक गटाच्या ठेक्यांवर आपलं संगीत उभं केलं, त्यातले बूट्सी कॉलिन्स आणि बर्नी वॉरेल इथे स्वतः वाजवताहेत.

डॉ. ड्रेचं 'कीप देअर हेड्स रिंगिन' या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं, अमेरिकेत पहिल्या दहात पोचलेलं. त्यातली 'रिंग डिंग डाँग' ही घंटेसारखी ओळ १९७९ च्या 'फंक यू अप'मधून आली आहे. ते गाणं द सीक्वेन्स या गटाचं, साउथ कॅरोलिनाच्या तीन मुलींचं. बायकांनी केलेल्या रॅपच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्सपैकी ती एक. त्या तिघींतली एक अँजी स्टोन, पुढे सोलची मोठी गायिका झाली. रॅपनं सोलकडून घेतलं असं आपण नेहमी म्हणतो; इथे एक बाई रॅपकडून सोलकडे गेलेली दिसते.

आता फंक गायक रॉजर ट्राउटमनकडे येऊ. अल्बममधलं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' त्याचं, १९८१ चं. मूळ चीज नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांची, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी बांधलेली. आपल्याकडे एकच बंदिश वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांकडून ऐकावी तशी ही ऐका. ग्लॅडिस नाइटनं १९६७ मध्ये ती चर्चच्या जोशात, जलद गायली. मार्व्हिन गेची १९६८ मध्ये आली ती विलंबित, संशयानं पोखरलेली. रॉजर मात्र ती टॉक बॉक्समधून म्हणतो. कीबोर्डचा आवाज एका प्लॅस्टिकच्या नळीतून येतो, ती नळी गायक तोंडाच्या कोपऱ्यात धरतो आणि घशातून सूर न काढता फक्त ओठ, जीभ, जबडा हलवून त्या आवाजाला शब्द देतो. मोरचंग ज्यांनी वाजवलंय त्यांना हे लगेच कळेल. सूर यंत्राचा, शब्द माणसाचा, आणि तरी त्यात दुखावलेलं माणूस स्पष्ट ऐकू येतं. मला हे फार थोर वाटतं.

सगळाच अल्बम मी तुम्हाला ऐकवणार नाही. टू लाइव्ह क्रू आणि फंकडूबिएस्ट यांची गाणी बायकांबद्दल ज्या भाषेत बोलतात ती मला तेव्हाही सलली, आजही सलते. विनोदी चित्रपट आहे म्हणून ती सोडून द्यावी असं मला वाटत नाही. शेजारीच रोझ रॉइसचं इतकं हळुवार गाणं असताना तर अजिबात नाही.

त्या गाण्याचं नाव 'आय वॉना गेट नेक्स्ट टू यू'. लिहिलं आणि बांधलं नॉर्मन व्हिटफील्डनंच. म्हणजे या एका अल्बमवर तो माणूस दोनदा भेटतो. आणि हे गाणंही मुळात एका विनोदी चित्रपटाचंच! १९७६ चा 'कार वॉश', मायकल शुल्ट्झनं दिग्दर्शित केलेला. तोही एकाच दिवसाची गोष्ट, तीही लॉस एंजेलिसमध्ये, गाड्या धुणाऱ्या कामगारांची. एरवी संगीत चित्रीकरण संपल्यावर होतं. शुल्ट्झनं व्हिटफील्डकडून ते चित्रीकरणाच्या आधी आणि चालू असताना करून घेतलं, म्हणजे गाड्या पुसणारे नट त्या गाण्यांच्या संगतीनं काम करू शकतील. त्या संगीताला ग्रॅमी मिळालं. त्याच चित्रपटातलं 'आय अ‍ॅम गोइंग डाउन' १९९४ च्या अल्बमवर मेरी जे. ब्लाइजनं पुन्हा गायलं. आणि 'कार वॉश'नंतर एकोणीस वर्षांनी 'फ्रायडे'वाल्यांनी आपल्या शुक्रवारासाठी तिथूनच गाणं आणलं.

'कार वॉश'मधली रोझ रॉइसची बहुतेक गाणी ग्वेन डिकी या त्यांच्या गायिकेच्या आवाजात आहेत. हे मात्र केनी कोपलँड गातो, उंच, नाजूक आवाजात. एका माणसाला एक बाई आवडते आणि ती त्याच्याकडे वळूनही बघत नाही. तो तक्रार करत नाही, नुसतं सांगतो. दिवे थोडे कमी करा, आणि खाली बेस कसा चालतो तिकडे कान ठेवा. लावते.