छबिलदासच्या सुलभाताई

[पडद्यावर: रिकामा रंगमंच, मधोमध एक लाकडी खुर्ची.]

दहा सेकंद. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बचावासाठी एवढाच वेळ देतात. आरोपी आहे लीला बेणारे. शाळेत शिकवणारी, हसरी, जिभेला धार असलेली, लग्न न केलेली बाई. कोर्टाच्या हिशेबात ती गप्प राहते आणि तिची वेळ संपते. पण त्या दहा सेकंदांत रंगमंचावरची बाकीची माणसं जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलू लागते. तिचं बोलणं प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसांना मात्र त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

1967 साली 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेनं हे नाटक राज्य नाट्यस्पर्धेसाठी उभं केलं. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे आणि बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. वय तीस.

हे स्वगत तेंडुलकरांना आधी लिहायचंच नव्हतं, अरविंद देशपांड्यांच्या आग्रहामुळे ते लिहिलं गेलं, असं नाट्यवर्तुळात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नटीच्या बाजूनं या स्वगताकडे बघा. दोन अंक ही बाई सगळ्यांची टिंगल करत असते. हौशी मंडळींचा हा ताफा एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलाय. मूळ खटला आहे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. संध्याकाळपर्यंत वेळ काढायचा आहे, शिवाय गावच्या सामंतला कोर्ट कसं असतं ते समजावून द्यायचं आहे, म्हणून लुटुपुटूचा खटला बेणारेवर भरतात. आरोप भ्रूणहत्येचा. आणि बघता बघता तो खेळ राहत नाही, कारण बेणारेला खरोखरच दिवस गेलेले असतात. प्राध्यापक दामले नावाचा इसम, ज्याच्यामुळे हे सगळं घडलंय, तो त्या दिवशी आलेलाच नसतो. बेणारे बोलायची थांबते. जवळजवळ सगळा तिसरा अंक तिनं नुसतं ऐकायचं. प्रत्येक साक्षीनं आतून थोडं थोडं ढासळायचं, तेही एक शब्द न बोलता. आणि मग एकदम ते लांबलचक स्वगत. जिला आधीचं मौन पेललं नाही, तिच्या तोंडी ते स्वगत भाषण होऊन बसतं. मराठीत पुढे बेणारे अनेकींनी केली. पण या नाटकाचं नाव निघालं की जुनी माणसं अजूनही आधी सुलभाताईंचं नाव घेतात.

शेवटी सगळे खेळ संपला म्हणून हसत, सारवासारव करत निघून जातात. सामंत मात्र पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. अख्ख्या नाटकात तिच्याशी माणुसकीनं वागलेला तेवढा एक माणूस, आणि त्यालाही बोलायला शब्द सापडत नाहीत.

[पडद्यावर: दादर पश्चिम, स्टेशनबाहेरची गर्दी. शाळेची इमारत.]

बेणारेचा सगळ्यात मोठा अभिमान काय, तर शाळा. आपण कधी उशिरा जात नाही, मुलं आपल्यावर जीव टाकतात, हे ती नाटकाच्या सुरुवातीलाच सांगते. शेवटी तिच्याकडून हिसकावून घेतली जाते ती हीच नोकरी. ही भूमिका करणाऱ्या सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका म्हणून उभ्या राहिलेल्या होत्या. वर्गात उभं राहणं म्हणजे काय, पोरांनी आपलं ऐकणं म्हणजे काय, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून शोधावं लागलं नाही.

त्यांचा जन्म 1937 सालचा, मुंबईतला. माहेरच्या त्या कामेरकर. वडील वसंतराव कामेरकर एचएमव्ही या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत होते, त्यामुळे घरात गाणं आणि कलावंतांचा राबता. पण सुलभाताईंच्या नाटकाची पाळंमुळं शोधायची, तर ती शाळेत सापडतात. शाळेतल्या मुलांसाठी नाटकं हवी होती, ती लिहून द्यायला तेंडुलकरांना सांगण्यात आलं, आणि त्यातून सुलभाताई रंगभूमीकडे वळल्या. म्हणजे पुढे बेणारे लिहिणारा नाटककार त्यांना भेटला तो बालनाट्यांच्या निमित्तानं. मग विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांचं रंगायन. तिथली मेहनत, तिथली शिस्त. अरविंदरावांशी लग्न. आणि 1967 साली बेणारे.

चार वर्षांनी, 1971 मध्ये, नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंनी याच नाटकावर सिनेमा केला. कॅमेरा गोविंद निहलानींचा. अमरीश पुरी आणि अमोल पालेकर त्यात आहेत, तेव्हा दोघंही सिनेमात नवखेच. रंगमंचावरची बेणारे आज आपल्याला बघता येत नाही. या सिनेमातली मात्र बघता येते, आणि अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकानं ती बघावी, असं मी मनापासून सांगेन. कॅमेरा जवळ आल्यावर रंगमंचावरचा आवाज आवरता घ्यावा लागतो. सुलभाताई तो कसा आवरतात, तेवढ्यासाठी तरी बघावी.

त्याच वर्षी 'आविष्कार' जन्माला आली. रंगायनमध्ये फाटाफूट झाली होती. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ही नवी संस्था काढली. पहिलं नाटक गिरीश कर्नाडांचं 'तुघलक', तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं, अरुण सरनाईक तुघलकाच्या भूमिकेत. भव्य काम होतं. पण संस्था भव्यतेवर चालत नाही, तिला आधी जागा लागते.

ही जागा सापडली छबिलदास शाळेत. 1974 पासून तिथल्या सभागृहात आविष्कारचे प्रयोग सुरू झाले. व्यावसायिक नाटकांचं शिवाजी मंदिर नाट्यगृह तिथून चालत गेलं तर काही मिनिटांवर. तिकडे ठेकेदार, बुकिंग, गर्दीची गणितं. इकडे नाट्यगृह म्हणून न बांधलेला एक शाळेचा हॉल, सकाळी शाळा आणि संध्याकाळी नाटक. प्रत्येक वेळी दिवे लावायचे, प्रत्येक वेळी काढायचे. तिकीट खिशाला परवडणारं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जागा आविष्कारनं आपल्यापुरती ठेवली नाही. सत्यदेव दुबे आले, अमोल पालेकर आले, नुकतं लिहायला लागलेले नाटककार आले, ज्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं अशी कॉलेजातली पोरं आली. नाटक पडलं तर पडलं, पुढचं करा, एवढी मोकळीक तिथे होती. छबिलदास चळवळ म्हणतात ती हीच.

चळवळ म्हटलं की दोन-चार दिग्दर्शकांची नावं डोळ्यांसमोर येतात. जिच्यामुळे ती चालते, ती माणसं मागे राहतात. ज्या बाईच्या नावावर बेणारे होती, तिला व्यावसायिक रंगभूमीवर एकामागून एक नायिका करता आल्या असत्या. तिनं आपली उमेदीची वर्षं एका शाळेच्या हॉलमध्ये दुसऱ्यांची नाटकं उभी राहावीत म्हणून घातली. सुलभाताईंच्या कारकिर्दीचं मोजमाप करायचं, तर मी या हॉलपासून सुरुवात करेन. सिनेमांची यादी त्यानंतर.

[पडद्यावर: सत्तरच्या दशकातल्या सिनेमांच्या पाट्या.]

ती यादीही काही लहान नाही. समांतर सिनेमाला चेहरे पुरवले ते बऱ्याच अंशी नाटकवाल्यांनी, आणि सुलभाताई त्यांच्यात आघाडीवर. 'जैत रे जैत', 'गमन', 'अरविंद देसाई की अजीब दास्तान', 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है', 'बाजार'. त्यातली मला सगळ्यात बोचणारी भूमिका 1977 च्या 'भूमिका'मधली. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर बेतलेला श्याम बेनेगलांचा हा सिनेमा. स्मिता पाटील उषा, आणि सुलभाताई तिची आई, शांता. मुलीनं केशव दळवीशी लग्न करू नये म्हणून कडाडून विरोध करणारी. ही आई खलनायिका करून टाकणं अगदी सोपं होतं. सुलभाताई ती तशी करत नाहीत. पोरीच्या जिवावर घर चालतंय हे तिला कळतंय, त्याची लाजही वाटतेय, आणि तरी ती पोर हातची जाऊ नये असंही वाटतंय. या तिन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर दिसतात.

तेव्हा त्यांचं वय चाळीस. तीस वर्षांच्या असताना नायिका, चाळीसाव्या वर्षी नायिकेची आई. आपल्याकडे नट्यांच्या वाट्याला हेच येतं. सुलभाताईंनी त्यावरून कधी हात आखडता घेतलेला पडद्यावर तरी दिसत नाही. 1991 च्या 'चौकट राजा'त त्या दिलीप प्रभावळकरांच्या नंदूची आई होत्या. शरीरानं वाढलेल्या आणि मनानं लहानच राहिलेल्या मुलाची आई. प्रेक्षकांचं सगळं लक्ष नंदूकडे, आणि ते असायलाच हवं. पण अशा मुलाला आयुष्यभर सांभाळून बाई कशी थकते, ते आईत दिसलं नाही, तर नंदूही खोटा वाटू लागतो. समोरच्या नटाचं काम खरं वाटावं म्हणून स्वतः खरं राहायचं, यात टाळ्या कमी मिळतात.

पुढे 'विहीर', 'हापूस', आणि 2012 मध्ये 'इंग्लिश विंग्लिश'. त्यात श्रीदेवीच्या सासूबाई. मालिकाही केल्या. एका पिढीला त्या फक्त टीव्हीवरच्या आजी म्हणून ठाऊक आहेत.

1987 साल त्यांच्यासाठी विचित्र होतं. त्या वर्षी त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अरविंद देशपांडे गेले. आविष्कार बंद पडली असती तर कुणी नावं ठेवली नसती. सुलभाताईंनी आणि काकडेकाकांनी ती चालू ठेवली. अरविंदरावांच्या नावानं नाट्यमहोत्सव सुरू झाला. छबिलदासचा हॉल सुटल्यावर माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हललं. पुन्हा शाळाच.

[पडद्यावर: तालमीची खोली, मुलांचा घोळका.]

आणि मुलं तर सुटलीच नाहीत. आविष्कारचा बालविभाग 'चंद्रशाला' हे सुलभाताईंचं काम. तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा' या बालनाट्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 1978 मध्ये 'राजा रानी को चाहिए पसीना' हा मुलांचा सिनेमाही त्यांनी चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीसाठी दिग्दर्शित केला. मग 1982 मध्ये 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य आलं. रंगमंचावर एका वेळी मुलांची ही झुंबड. ताल सांभाळायचा, रांग सांभाळायची, शेजारच्याच्या पायावर पाय पडू द्यायचा नाही. जी मुलं मोठी झाली त्यांची जागा धाकट्यांनी घेतली, आणि हे नाटक वर्षानुवर्षं चालत राहिलं. त्या मुलांतली काही पुढे नावाजलेली नटमंडळी झाली. बाकीची डॉक्टर झाली, बँकेत लागली, परदेशी गेली, आणि आपापल्या गावी तिकीट काढून नाटक बघायला जाऊ लागली.

2010 मध्ये सुलभाताईंना रंगभूमीवरच्या कामासाठी दिला जाणारा 'तन्वीर सन्मान' मिळाला. 4 जून 2016 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतरही तीन वर्षं, 2019 मध्ये जाईपर्यंत, अरुण काकडे आविष्कारच्या कामात होते.