माडीच्या फळ्या घासायच्या कुणी?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घराची माडी कडीपाटाची आहे. खाली सागाच्या तुळया, वर सागाच्याच इंचभर जाड फळ्या. जुन्या घरांत अशा फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवायची पद्धत होती. आमच्याकडे मात्र त्या उघड्याच राहिल्या आणि पायांखाली काळवंडत गेल्या. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी दिवाळी आटोपली आणि मी ठरवलं, माडी आपणच घासायची. बारा बाय पंधराची खोली, त्यात काय एवढं!

भाच्यानं ग्राइंडर आणून दिला, त्याला पॉलिश पेपरची चकती लावली. पाच मिनिटांत काळा थर उडाला, आतला मधासारखा साग दिसायला लागला आणि मी हुरळले. संध्याकाळपर्यंत निम्मी खोली उरकली. दुसऱ्या दिवशी ओळखीचे पॉलिशवाले मिस्त्री सहज डोकावले. त्यांनी खिडकी ओढून घेतली, मोबाइलची बॅटरी लावून फोन जमिनीवर आडवा ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्ये चंद्र कुणी काढलं वो?"

उभ्यानं बघताना गुळगुळीत वाटणारी जमीन त्या आडव्या उजेडात चंद्रकोरींनी भरलेली होती. जिथं माझा हात क्षणभर रेंगाळला, तिथं चकतीच्या कडेनं लाकूड खाल्लं होतं. "पॉलिश चढलं की आजून उठून दिसत्यात," मिस्त्रींनी वर मीठ चोळलं. मग त्यांनी मोठं मशीन आणलं. माझे चंद्र घालवायला सगळ्या खोलीची जमीनच तेवढी खाली घासावी लागली. इंचातलं लाकूड गेलं ते गेलंच.

तेव्हापासून मी एकच हिशेब धरते. पॉलिश बिघडलं तर काढून पुन्हा करता येतं, घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून मशीननं घासणं जाणकाराला द्यावं, आणि त्यावरचा पॉलिशचा हात घरच्यांनी मारावा.

पण आधी जमीन कसली आहे ते बघा. नव्या फ्लॅटमधलं 'वुडन फ्लोअरिंग' पुष्कळदा लॅमिनेट असतं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचा छापील कागद. ते घासलं की चित्रच पुसलं जातं! काही ठिकाणी वर अस्सल लाकडाचा दोन-चार मिलिमीटरचा थर आणि खाली प्लायवुड असतं. ते फार तर एकदा-दोनदा घासून निघतं. उंबऱ्याजवळची पट्टी उचलून फळीची कड बघितली की कळतं.

भरीव लाकूड निघालं, तरी लगेच मिस्त्रींना फोन करू नका. जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर पॉलिश जिवंत आहे. नुसता बारीक पेपर हलका फिरवून, धूळ पुसून वर एक हात दिला की भागतं. हे काम घरचं. पाणी मुरून डाग काळा पडला, तर मात्र घासायला हवं.

मिस्त्रींशी बोलताना चौरस फुटाचा दर सगळे विचारतात. मी आणखी दोन गोष्टी विचारते. पेपर कुठल्या नंबरापासून कुठपर्यंत नेणार? नंबर लहान, तेवढा पेपर खरखरीत. चाळीस किंवा साठनं सुरू करून ऐंशी, मग शंभर-एकशेवीस, असं पायरीपायरीनं जायला हवं. मधली पायरी गाळली की जाड पेपरचे ओरखडे पॉलिशखालून वर येतात. आणि खिळ्यांची डोकी आधी आत बसवणार का? नाहीतर पेपर फाटतो आणि जमिनीवर रेघ उमटते. फळ्यांमधल्या फटी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून देतो म्हणाले, तर जुन्या जमिनीला नको म्हणा. आपल्याकडच्या पावसात फळ्या फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, आणि ती लांबी दोन वर्षांत खपल्यांसारखी निघते.

धूळ पिशवीत ओढणारं मशीन आहे का, हेही बघा, आणि मास्क चांगला वापरा. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलंय. फळ्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासूच नये.

आता घरचा वाटा. लाख पॉलिश कपाटाला शोभतं, पण जमिनीवर सांडलेलं पाणी तसंच राहिलं की पांढरा डाग धरतं. जमिनीला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश घ्या, नाहीतर 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल. मला तेल आवडतं. पातळ हात द्यायचा, वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढायचं, एक-दोन दिवस थांबून पुन्हा. पीयूइतकं टिकत नाही, पण खरवडलेल्या जागेवर तेवढाच हात मारता येतो, सगळी खोली काढावी लागत नाही.

तेलाच्या चिंध्यांचं मात्र मी चारचारदा सांगते. त्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जायला वाट नसली की काडी न लावता चिंधी पेटते. अंगणात एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघितलेल्या कोल्हापूरकरांना, लाकूड कसं पेटतं हे काही समजवायला नको.

पुराचंही विचारतात. 2019 आणि 2021 ला ज्यांच्या फळ्या भिजल्या, त्यांच्या कडा वर उचलून मधे पन्हळ झाला. तशा ओल्यात कड घासून सपाट केली, की वाळल्यावर फळी मधे फुगीर होते. काही महिने वारा लागू द्या. पुष्कळ फळ्या आपणहून बसतात.

मुहूर्त म्हणाल, तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. आषाढ-श्रावणात पॉलिशवर धुरकट पांढरी झाक येते, वाळायलाही दुप्पट दिवस लागतात. आमच्या माडीवर शेवटचा हात दिला तो शिमग्याच्या आधी, मीच, गुडघ्याखाली पोतं घेऊन. मिस्त्रींनी जिन्यातून बघितलं, पुन्हा बॅटरी आडवी धरली. कोपऱ्यात एक चंद्र राहिलाय अजून. त्यावर मी धान्याची कोठी ठेवलीय.

नमस्कार.