लाईन तुटली की गाठ सुटली?

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय लूर, म्हणजे हुक लावलेला नकली मासा, गळाच्या लाईनला पक्का कसा बांधायचा, आणि मी तीन गाठी दाखवायचं कबूल केलंय, त्या दाखवणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट फार दिवस मनात साचलीय ती बोलून घेतो.

खाडीवरून परत येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, जिताडा लागला होता, मोठा होता, लाईन तुटली. (ज्याची लाईन तुटते त्याचा मासा कायम मोठाच असतो, हसताय म्हणजे पटलंय!) मग तो दुकानात जातो आणि आणखी जाड लाईन घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लाईन तुटली म्हणायच्या आधी तिचं टोक बघा. टोक खडबडीत, विस्कटलेलं असेल तर ती कालवांवर किंवा खडपावर घासलीय. सरळ छाटल्यासारखं असेल तर दात लागला असेल, किंवा जिताड्याच्या गालाच्या झाकणाची कड, ती किती धारदार असते ते त्याला हातात धरलेल्यांना सांगायला नको. पण टोक पेनातल्या स्प्रिंगसारखं वेटोळं झालेलं असेल तर लाईन तुटलेलीच नाही, गाठ सरकून सुटलीय, आणि त्यावर जाड लाईन हा उपायच नाही, उलट जाड लाईनवर तीच गाठ अजून वाईट बसते.

आमच्यातल्याच एकाचं सांगतो, नाव घेत नाही. संध्याकाळची ओहोटी, पुलाच्या खांबापाशी पाणी खेचत होतं, आणि त्याच्या लूरवर जिताडा असा आला की पाणी फुटल्याचा आवाज आम्हाला पलीकडे ऐकू आला. मासा वर उडाला, डोकं झाडलं, परत उडाला, आणि रॉड एकदम सरळ. झालं, गडी लाईनला, कंपनीला, दुकानदाराला सगळ्यांना बोलायला लागला. मी म्हटलं टोक दाखव. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर छान वेटोळं. जाड फ्लोरोकार्बनचा (एक प्लॅस्टिक) लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला लूरआधी जोडलेला तुकडा, त्यावर क्लिंच गाठ, म्हणजे टोकाचे लाईनभोवती वेढे देऊन आवळायची ती, वेढे जेमतेम तीन, कोरडीच ओढलेली आणि शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक, अगदी बुडापाशी कापलेली. जाड फ्लोरोकार्बन ताठ असतं, त्यात क्लिंचचे वेढे एकमेकांवर घट्ट बसतच नाहीत, दिसायला गाठ दिसते पण ती धरत नाही. रील मात्र एवढं महागाचं की त्या पैशात घरचा फ्रिज आला असता.

मला त्याच्या लूरचं वाईट वाटलं नाही. तो मासा तोंडात दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे, हुक घेऊन गेला याचं वाटलं, अजून वाटतं. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे आपण ज्याच्या मागे असतो तो मोठा जिताडा, गोव्याकडचा चणक, तो बहुतेक वेळा अंडी देणारी मादी असते. तिला धरा, सोडा किंवा घरी न्या, तो तुमचा निर्णय, पण गाठ नीट मारायला अर्धा मिनिट दिला नाही म्हणून ती हुक घेऊन उपाशी फिरत राहणार असेल तर ते मला सहन होत नाही, स्पष्टच सांगतो.

आता जुने गरवणारे म्हणतात आम्ही तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या लाईनला, निरगाठीवर निरगाठ मारायचो, काय बिघडलं? जुन्या सुती दोरीला ती धरायची, सूत सुताला पकडतं. नायलॉन गुळगुळीत. आणि आजची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, तर पॉलिथिलीनची, नायलॉनपेक्षा निसरडी. ते साधारण 145 अंशाला वितळतं, नायलॉन 200 च्या वर. म्हणून गाठ कोरडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच दुखावतो. थुंकी लावा, लाजू नका.

आणखी एक, फिनलंडच्या लाऊरी रापालाने 1936 मध्ये लूर कोरला तो बुचाच्या सालीचा, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, लाखेऐवजी फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. सगळी मेहनत तो पाण्यात माशासारखा डुलावा म्हणून. आणि आपण तसल्या लूरच्या नाकावर गाठ आवळून त्याचं डुलणं बंद करतो...

हो हो, घड्याळ दिसलं, दहा मिनिटं. पटापट घेतो.

पालोमर, ब्रेडसाठी सगळ्यात भरवशाची. लाईन दुहेरी करून लूरच्या किंवा हुकाच्या कडीतून काढा, ढिली साधी गाठ मारा, जो फास राहिला त्यातून अख्खी वस्तू पार करा, ओलं करा, ओढा. जिग (वजन लावलेला हुक), स्नॅप (उघडझाप होणारी क्लिप), स्विव्हल (गोल फिरणारी कडी) यांना उत्तम. दोन ट्रेबलच्या लूरला फास हुकात अडकतो, तिथे गाठ स्नॅपला मारा आणि लूर स्नॅपमध्ये लावा.

युनि. टोक कडीतून काढून मुख्य लाईनला समांतर आणा, मागे वळवून फास करा, फासातून दोन्ही लाईनींभोवती पाचसहा वेढे, ब्रेड असेल तर सातआठ, जाड लीडर असेल तर चारच. ओलं करून आधी शेपूट ओढा, मग गाठ कडीपर्यंत सरकवा.

तिसरी, न सरकणारी लूप, डुलणाऱ्या लूरसाठी. आधी लाईनवर एक ढिली साधी गाठ, मग टोक कडीतून, मग त्याच गाठीतून परत, ज्या बाजूने बाहेर आलं त्याच बाजूने आत, हे चुकलं तर सगळं चुकलं. मुख्य लाईनभोवती चारपाच वेढे, जाडीला कमी, आणि टोक पुन्हा त्याच बाजूने त्याच गाठीतून. लूप छोटी ठेवा, मोठी झाली की ट्रेबल तिच्यात अडकतो.

शेपूट दोनतीन मिलिमीटर ठेवा. हुक पकडीत धरून जोरात ओढून बघा, हातात धरून नाही. मोठा मासा आला, लूर खडपात अडकून सुटला, की शेवटच्या फूटभर लाईनवरून बोट फिरवा, खरखर लागली तर कापून नवी गाठ. कापलेला तुकडा खिशात, खडपावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो.

ब्रेडला लीडर जोडायची गाठ राहिली, ती आज होणार नाही. जाड दोरी आणि मोठ्या कड्या टेबलावर ठेवल्यात, ज्यांना करून बघायचंय त्यांनी पुढे या, आधी लूप घेऊ कारण तिथेच सगळे अडतात.