दोन पडद्यांमधला सूर

नमस्कार मंडळी. बोलण्याआधी एक सूर ऐका. ही गिटारची तिसरी तार. दांड्यावर आडव्या ठोकलेल्या या पट्ट्या म्हणजे पडदे. सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्याला आपण सा मानू. मग तिसऱ्या तारेचा पाचवा पडदा झाला कोमल गंधार. हा ऐका. एक पडदा पुढे गेलं की शुद्ध गंधार. आता मागे येते, कोमल गंधारावर बोट दाबून ठेवते आणि तार केसभर वर ढकलते. ऐकलंत? हा सूर धड कोमलही नाही आणि शुद्धही नाही. त्याच्यासाठी गिटारवर पडदाच ठोकलेला नाही. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकताना आत काहीतरी हलतं ना, ते बहुतेक वेळा या सुराने हलतं.

माझी आई सतार शिकायची. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना तारेच्या काळ्या रेघा पडलेल्या मला आठवतात. त्यामुळे एकाच पडद्यावर तार ओढून पुढचा सूर काढायचा, ही गोष्ट माझ्यासाठी नवीन नव्हती. नवल वाटलं ते ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या शेतात वाढलेला हा माणूस त्या ओढीपर्यंत कसा पोचला? त्याला कोणी सतार दाखवली नव्हती. तो त्याच्या वाटेने आला आणि ती वाट फार खडतर होती. आज बोलायचंय ते त्या वाटेबद्दल.

ती सुरू होते घराच्या भिंतीपासून. मिसिसिपी, लुइझियाना या भागातल्या गरीब कृष्णवर्णीय घरांत मुलं केरसुणीला बांधलेली तार सोडवायची, लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून ती ताणून बसवायची, खाली दगड किंवा बाटली सरकवून घट्ट करायची. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हाताने तिच्यावरून बाटली फिरवायची. याला तिकडे डिडली बो म्हणतात. तार एक आणि पडदा एकही नाही. म्हणजे सगळे सूर मोकळे, गळ्यात असतात तसे. बी. बी. किंग लहानपणी हेच वाजवायचा. लुइझियानात 1936 साली जन्मलेला आणखी एक ब्लूज गिटारवादक बडी गाय तर खिडकीच्या जाळीतल्या तारा उपसायचा आणि मग घरात डास कुठून येतात म्हणून आई हैराण व्हायची.

पुढे हातात गिटार आली तेव्हा पंचाईत झाली. गिटारचे पडदे युरोपातल्या सप्तकाच्या हिशोबाने बसवलेले, आणि शेतात, चर्चमध्ये गाणारा गळा तर त्या पडद्यांच्या अधेमधे फिरणारा. यावर लोकांनी तोडगा काढला तो भिंतीवरच्या तारेचाच. करंगळीत बाटलीचा गळा घालायचा, नाहीतर सुरीचं पातं घ्यायचं आणि पडद्यांना न जुमानता तारेवरून घसरत जायचं. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने लिहून ठेवलंय की 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत तो पेंगत होता, तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत होता. तो माणूस आपण कुठे निघालोय, एवढीच एक ओळ तीनदा गात होता आणि गिटार त्याच्या मागे तीच ओळ म्हणत होती. त्या माणसाचं नाव हँडीने लिहून ठेवलं नाही. मला या गोष्टीची फार चुटपुट लागते.

आता बी. बी. किंग. खरं नाव रायली. जन्म 16 सप्टेंबर 1925, मिसिसिपीतल्या इट्टा बेना गावाजवळ. नऊ-दहा वर्षांचा असताना आई गेली, मग आजीने सांभाळलं, काही वर्षांत तीही गेली. हा मुलगा एकट्याने खोपटात राहून कापूस वेचत होता. पण त्याच्या कानावर दोन ठिकाणांहून गाणं पडत होतं. एक, आजीच्या बहिणीकडचा किल्लीचा ग्रामोफोन. त्यावर ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या वाजायच्या. दुसरं, चर्चमधले धर्मोपदेशक आर्ची फेअर. ते नात्यातले. जेवायला आले की गिटार पलंगावर ठेवायचे. मोठी माणसं जेवायला बसली की रायली हळूच जाऊन तिला हात लावायचा. एकदा पकडला गेला. फेअरनी रागावण्याऐवजी त्याला तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन स्वरमेळ, शिकवले. ब्लूजचा बराचसा डोलारा त्या तीन कॉर्डवरच उभा आहे. पुढे पहिली गिटार घेतली ती 15 डॉलरची. पैसे मालकाने आगाऊ दिले आणि मजुरीतून कापून घेतले.

मोठा झाल्यावर तो ट्रॅक्टर चालवायला लागला. शेतमजुरांमध्ये ते मानाचं काम होतं. 1946 सालची गोष्ट. दिवसभर राबून त्याने ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, इंजिन बंद केलं, पण बंद होता होता इंजिनाने उसळी मारली, ट्रॅक्टर पुढे गेला आणि धुराडं छपराला धडकून मोडलं. मालकाच्या धाकाने रायलीने गिटार उचलली आणि खिशात अडीच डॉलर घेऊन मेंफिसचा रस्ता धरला. नुसत्या धुराड्यासाठी कोणी घरदार सोडून पळतं का? त्या काळच्या मिसिसिपीत गोऱ्या मालकाचं नुकसान झालं तर पुढे काय होईल याचा भरवसा नव्हता. पुढे तो परत आला, शेतात राबून त्या धुराड्याचे पैसे फेडले आणि 1948 मध्ये मेंफिसला गेला तो कायमचाच.

पहिल्या खेपेला मेंफिसमध्ये तो उतरला होता बुक्का व्हाइटकडे. बुक्का आईच्या चुलत-मावस नात्यातला भाऊ, म्हणजे नात्याने मामाच. पार्चमनच्या तुरुंगात शिक्षा भोगून आलेला, पत्र्याच्या पोटाच्या गिटारवर स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली ती नळी, फिरवून वाजवणारा दांडगा गडी. त्याच्या बोटातला स्लाइड तारेवर थरथरला की सूर रडल्यासारखा हलायचा. रायलीला तसंच हवं होतं. पण त्याला स्लाइड काही केल्या जमेना! बोटात नळी घातली की ती नळी ऐकायची नाही. म्हणून त्याने नुसत्या बोटाने तो थरथराट काढायचा ध्यास घेतला.

हे मी तुम्हाला जवळून दाखवते, कारण कॅमेऱ्यात ते नेहमी नीट दिसत नाही. आपण गिटारचा दांडा अंगठ्याने मागून धरतो. किंगने अंगठा सोडून दिला. पहिलं बोट तारेवर घट्ट रोवलं, बाकीची बोटं पंख्यासारखी उघडली आणि कोपरापासूनचा सगळा हात त्या एका बोटाच्या टोकाभोवती झुलवला, दाराची कडी सैल झाल्यावर हलते तसा. बोट जागचं हलत नाही. तार मात्र वर-खाली, वर-खाली. हा झाला त्याचा कंप. मग ओढ. तिसरी तार, सातवा पडदा. हा सूर ढकलत ढकलत पुढच्या सुरापर्यंत नेते. आणि दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर तोच सूर तयार मिळतो, हा बघा. दोन्ही अगदी एक झाले पाहिजेत. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं इथे घाई करतात, सुराच्या जवळ गेलं की पोचलो असं त्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, गाऊन बघ. गळ्याला लगेच कळतं.

यात विजेच्या गिटारचा वाटा मोठा आहे. साध्या गिटारवर ओढलेला सूर फुलायच्या आत विझतो. अँप्लिफायरने तो टिकवला. टी-बोन वॉकर या ब्लूज गिटारवादकाची 1947 सालची रेकॉर्डिंग्ज ऐकून किंगला कळलं की एकेका तारेवर असं बोलता येतं. शिकागोत मडी वॉटर्स या ब्लूज गायक-गिटारवादकाने हीच वीज दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटावर मात करायला वापरली. तोही मिसिसिपीचाच. 1941 मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मळ्यावर येऊन त्याचं गाणं मुद्रित केलं. मडीने स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला, आणि 1943 मध्ये ट्रॅक्टरवरून उतरून शिकागोची गाडी पकडली.

किंगने मेंफिसमध्ये डब्ल्यूडीआयए या रेडिओ स्टेशनवर पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गाण्यापासून सुरुवात केली. ब्लूज बॉय म्हणून ओळख झाली, त्याचं बी. बी. झालं. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट या गावी एका हॉलमध्ये तो वाजवत होता. थंडीसाठी मधोमध बादलीत रॉकेल पेटवलेलं. दोन पुरुष मारामारीवर आले, बादली लवंडली आणि लाकडी हॉलने पेट घेतला. सगळे बाहेर धावले, किंगही धावला. बाहेर आल्यावर आठवलं, गिटार आत राहिली. तो पुन्हा आगीत शिरला आणि ती घेऊन आला. दोन माणसं त्या आगीत गेली. भांडण ल्युसील नावाच्या बाईवरून झालं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, ही आठवण राहावी म्हणून त्याने गिटारचं नाव ल्युसील ठेवलं. नंतर गिटारी बदलल्या, नाव तेच राहिलं. पोकळ पोटाच्या गिटारला मोठ्या आवाजात शिट्टी बसते, म्हणून तो तिच्या पोटाच्या फटींतून टॉवेल कोंबायचा. पुढे 1980 मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्यासाठी फटी नसलेलीच ल्युसील काढली.

कष्टाला मर्यादा नव्हती. 1956 या एका वर्षात 342 कार्यक्रम! म्हणजे वर्षात घरी काढायला चोवीसच दिवस उरले, तेही प्रवास धरून. बसने, बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीयांना खोली नाही, जेवण नाही, अशा दक्षिणेतून. आणि रेकॉर्डवरच्या गाण्यांच्या कर्तेपणात रेकॉर्ड कंपनीचे मालक बिहारी बंधू जूल्स टॉब, जो जोसी अशी टोपणनावं लावून वाटा घ्यायचे. आडनाव ऐकून गैरसमज नको, ते हंगेरीहून आलेल्या ज्यू कुटुंबातले. एक ओळही न लिहिता गाण्याचे पैसे घ्यायचे, हा उघड अन्याय होता आणि तो त्या काळातल्या कितीतरी कलावंतांनी सोसला.

एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. दोन्ही एकदम जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. पण ब्लूजची घडणच अशी की याची अडचण झाली नाही. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी ओळ, प्रत्येकीला चार मात्रांची चार आवर्तनं. गळ्याला त्यातली साधारण दोन पुरतात. उरलेली दोन रिकामी. तिथे ल्युसील बोलायची. भजनात बुवा ओळ सोडतात आणि टाळकरी उचलतात, तसं. फरक एवढाच की इथे बुवा आणि टाळकरी दोन्ही एकच माणूस. आणि ती काय बोलते ते शब्दांवाचून कळतं.

इंग्लंडमधल्या गिटार वाजवणाऱ्या पोरांनी या तबकड्या पारायणं करून ऐकल्या. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, कितीतरी जण. तार ओढायची तर तार बारीक हवी, म्हणून ती बारीक तारा लावायला लागली. क्लॅप्टनच्या तारा भर कार्यक्रमात तुटायच्या, तो तिथेच नवी तार बसवेपर्यंत लोक संथ टाळ्या वाजवायचे. त्याच्या स्लोहँड, म्हणजे संथ हात, या टोपणनावाची हकीकत या टाळ्यांपाशी येते. पीटर ग्रीन मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. तो सुरांमध्ये जागा सोडतो. अमेरिकेतला दुसरा ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग डावखुरा, त्याने उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे इतर जण तार वर ढकलतात तिथे तो खाली खेचायचा आणि त्याची ओढ भलतीच दणकट यायची. टेक्ससच्या स्टीव्ही रे व्हॉनने ती ओढ जाड तारांवर आणली, बोटांची सालं निघाली तर वर गोंद लावून वाजवलं. 27 ऑगस्ट 1990 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, विस्कॉन्सिनमध्ये कार्यक्रमाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. वय पस्तीस. त्या रात्री त्याच मंचावर बडी गायही वाजवून गेला होता.

बडी 1957 मध्ये शिकागोला निघाला तेव्हा आई आजारी होती. तिला धीर द्यायला त्याने थाप मारली, खूप पैसे मिळवीन आणि ठिपक्याठिपक्यांच्या कॅडिलॅकमधून तुला भेटायला येईन. शिकागोत उपासमार झाली, परत जायचा विचार झाला, तेव्हा मडी वॉटर्सने त्याला गाडीत बसवून सँडविच खाऊ घातलं. आई 1968 मध्ये गेली. बडीच्या काळ्या गिटारवर पांढरे ठिपके असतात ते त्या थापेची आठवण म्हणून. 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा तो मुंबईत येऊन वाजवून गेला, आणि नंतरही आला.

किंगकडे परत येते. 1960 नंतर त्याच्याच समाजातल्या तरुणांना ब्लूज नकोसा झाला होता. त्यात त्यांना गुलामी, कापूस, बापजाद्यांची लाचारी ऐकू यायची. त्यांनी त्याची हुर्यो उडवली आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर या सभागृहात कार्यक्रम ठरला. पाहतो तर हॉलबाहेर लांब केसांची गोरी पोरं. आपण चुकीच्या ठिकाणी आलो, असंच त्याला वाटलं. नाव पुकारल्यावर एक सूर वाजवायच्या आत सगळं सभागृह उभं राहिलं. तो मंचावर रडला.

14 मे 2015 रोजी लास व्हेगसमध्ये तो गेला, वय एकोणनव्वद. मिसिसिपीत इंडियानोलाला त्याचं दफन झालं, तरुणपणी ज्या परिसरात तो शेतात राबला तिथेच.

आता मी गिटार खाली ठेवते आणि तुम्हाला एक मुद्रण ऐकवते. शिकागोचं रीगल थिएटर, 21 नोव्हेंबर 1964. या गाण्यात आधी बराच वेळ तो गात नाही, ल्युसीलच एकटी बोलते. तिचं बोलणं संपलं की तो गायला लागतो, आणि पुढे सात मुलांची एक ओळ येते तेव्हा सभागृहातल्या बायका काय कल्ला करतात ते ऐका. पण त्याआधी सुरुवातीच्या सुरांकडे कान ठेवा. तो कोमल गंधार धरतो आणि केसभर वर ढकलतो. मागचे दिवे जरा मंद कराल का?