तेच तळं, तोच खडक

(कॅनडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. नव्या वर्षाच्या सगळ्यांना शुभेच्छा.

बाहेर पार्किंगच्या कडेला अजून बर्फाचे काळे ढीग आहेत आणि मी तुमच्याशी तंबूबद्दल बोलायला उभी राहिले आहे. कार्यकारिणीकडून मी मुद्दाम आजचाच दिवस मागून घेतला. ऑन्टारिओ प्रांतातल्या अल्गॉन्क्विन पार्कमधली तंबूची जागा मुक्कामाच्या पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता बुकिंगला उघडते. म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जायचं असेल, तर ठरवायची वेळ आत्ता आहे. जुलैमध्ये हळहळून उपयोग नाही.

समोर कितीतरी जणींच्या मांडीवर बाळं दिसतायत. ‘मुलं जरा मोठी होऊ देत, मग जाऊ’ हे वाक्य मी ह्याच हॉलमध्ये बटाटेवड्याच्या रांगेत अनेकदा ऐकलंय. ते आज तुमच्या मनातून काढायचंय. आणि दुसरी एक गोष्ट सांगायचीय, ती मला जास्त जवळची आहे. दर वर्षी नवी जागा शोधू नका. एक जागा धरा आणि तिथेच परत परत जा.

माझं आजोळ वाईजवळ, कृष्णाकाठी. मे महिना लागला की आम्ही सगळी मावस-मामे भावंडं तिथे. मेणवलीचा दगडी घाट आमचा सगळ्यात लाडका. पाण्याखाली गेलेल्या पायऱ्यांपैकी कोण कितव्या पायरीपर्यंत उभं राहू शकतं, ह्यावर घरात त्याची पत ठरायची. सातव्या वर्षी माझ्या छातीशी येणारी पायरी नवव्या वर्षी कमरेशी आली, आणि मी त्या दिवशी आजीला चार वेळा तेच सांगितलं. आम्ही कधी ‘आजोळ पाहून झालं, आता दुसरं काहीतरी बघू’ असं म्हटलं नाही. जागा तीच असायची, म्हणून तर आपण वाढलोय हे कळायचं.

कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं आम्हीही यादी घेऊन फिरलो. नायगारा झाला, टोबरमोरीची ग्रोटो, म्हणजे पाण्याकाठची गुहा, झाली, सँडबँक्सच्या वाळूच्या टेकड्या झाल्या. सगळं सुंदर होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. पण ह्यातली एकही जागा आमची झाली नाही.

थोरली चौदा महिन्यांची असताना आम्ही अल्गॉन्क्विनला पहिला तंबू ठोकला. ती आता नऊ वर्षांची आहे. तेव्हापासून एकही ऑगस्ट चुकलेला नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. अल्गॉन्क्विनला पार्क म्हणून १८९३ साली संरक्षण मिळालं. पसारा जवळजवळ ७,६०० चौरस किलोमीटर. अल्गॉन्क्विन ह्या मूळनिवासी लोकांची ही भूमी, नावही त्यांचंच. टोरांटोहून तीन-साडेतीन तासांत पश्चिमेच्या फाटकाशी पोचता. तिथून हायवे ६० पार्कमधून ५६ किलोमीटर जातो आणि सगळे पत्ते त्या फाटकापासूनच्या किलोमीटरनेच सांगतात. आमची जागा ‘लेक ऑफ टू रिव्हर्स’, साधारण किलोमीटर ३२ ला. वाळूचा उथळ किनारा, जवळच आइस्क्रीम मिळणारं दुकान, गरम पाण्याचे शॉवर. अगदी रानात जायचं असेल तर पार्कात होडीने जाण्याच्या शेकडो जागा आहेत, पण लंगोटातलं मूल घेऊन जाणाऱ्याला हायवेजवळचीच जागा बरी. त्यात कमीपणा मानू नका.

ऑगस्टचा शेवट का, ते सांगते. मेच्या मध्यापासून जूनभर तिथे ब्लॅक फ्लाय नावाची बारीक काळी माशी असते. कानामागे, केसांच्या कडेला चावते आणि रक्त काढते. तिच्यामागून डास. लहान मुलांचे हाल होतात. ऑगस्ट संपत आला की दोन्हींचा जोर ओसरतो आणि पाणी मात्र उन्हाळाभर तापलेलं असतं. अजून एक गोष्ट आम्हाला फार उशिरा लक्षात आली. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, मुलं काही केल्या झोपत नाहीत आणि आकाशही काळं होत नाही. ऑगस्टच्या शेवटी आठच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वर्षांचं मूलसुद्धा आकाशगंगा बघून वेळेवर झोपतं. माझ्या धाकट्याने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, ‘कुणी पीठ सांडलं?’

रात्री मात्र थंड असतात, कधीकधी सात-आठ अंशांपर्यंत. पहिल्या वर्षी आम्ही नुसती हवेची गादी नेली. त्या गादीतली हवाही गार होते आणि खालून पाठ गारठते. तेव्हापासून गादीवर आधी फोमची मॅट आणि मग पांघरुणं. वर्षाच्या आतल्या बाळाला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत घेऊ नका, तोंडावर येण्याची भीती असते. त्याला कपड्यांचे थर घाला आणि घडीचा पाळणा तंबूतच मांडा. मोठा, सहा माणसांचा तंबू घेतला की तो बसतो. आणि कितीही थंडी वाजली तरी शेगडी किंवा निखारे तंबूत आणायचे नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आता पावसाची गोष्ट. पहिल्याच वर्षी दुसऱ्या रात्री पाऊस आला. तंबूखाली टार्प, म्हणजे ताडपत्री, आम्ही चांगला ऐसपैस अंथरला होता, चारी बाजूंनी हातभर बाहेर. मोठा असला म्हणजे चांगला, असं आमच्या मनात. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं सगळं पाणी वाहत थेट आमच्या खाली आलं. पहाटे तीन वाजता थोरलीला शालीत गुंडाळून मी गाडीत बसले होते आणि नवरा भिजलेली पांघरुणं पिळत होता. तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. सकाळी शेजारच्या साइटवरचे, म्हणजे शेजारच्या तंबूच्या जागेवरचे, एक आजोबा न विचारता दोरी घेऊन आले. दोन झाडांना बांधून त्यांनी आमची पांघरुणं वाळत घातली, आणि टार्पच्या कडा तंबूच्या तळाच्या आत कशा दुमडायच्या ते गुडघ्यांवर बसून दाखवलं. दुपारी ऊन आलं. त्याच दुपारी थोरली पाण्याकाठच्या खडकाला धरून उभी राहिली, हात सोडला आणि दोन पावलं टाकली. आदल्या रात्री घरी परतायचं म्हणून नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली होती. परतलो नाही, ह्याचं मला आजही बरं वाटतं.

तो खडक आता आमचा आहे. व्हिजिटर सेंटरमध्ये समजलं, की तिथला दगड एक अब्ज वर्षांहूनही जुना आहे. मुलांचा नियम असा, की खडकाला हात लावल्याशिवाय तंबूची एकही खुंटी ठोकायची नाही. आजोळी पोचल्यावर आधी देवघरात जायचं आणि मग पाणी प्यायचं, तसं.

खाण्याबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. हॉटडॉग आणि मार्शमेलो मुलांना आवडतात, जरूर न्या. पण शिदोरी आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, सोबत दाण्याची चटणी. मटकीची उसळ घरी करून डब्यात गोठवायची. पहिल्या दिवशी ती कूलरमध्ये बर्फाचं काम करते, दुसऱ्या दिवशी जेवण होते. थालीपिठाची भाजणी. बाळासाठी गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी पुरते. लाकूड घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. जळणातून झाडं मारणारी कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते.

आणि अस्वलं. तिथे काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक फार तिखट असतं. रात्री खाण्याचा कणही बाहेर किंवा तंबूत राहू द्यायचा नाही. कूलर, तेल, मसाल्याचा डबा, बाळाची दुधाची बाटली, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. ज्या कपड्यांना फोडणीचा वास लागलाय ते घालून झोपू नका. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही. नऊ वर्षांत आम्हाला साइटवर चिपमंक नावाच्या छोट्या खारी आणि कॅनडा जे पक्षी सोडून कुणी लुटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. ‘जमिनीवर झोपायचं आणि अंधारात लांब संडासला जायचं, मला नाही झेपणार’ असं त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून आम्ही कम्फर्ट स्टेशनपासून, म्हणजे संडास-शॉवरच्या इमारतीपासून, दोन मिनिटांवरची साइट घेतली, त्यांच्यासाठी घडीची उंच खाट नेली, उशाशी टॉर्च. शेजारच्याच म्यू लेकला यर्टही मिळतात. यर्ट म्हणजे लाकडी जमीन आणि पलंग असलेला गोल पक्का तंबू. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी ती चांगली सोय आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निखारे पडल्यावर सासूबाई स्वतःच उठल्या, कूलरमधून दोन वांगी काढली, तेलाचा हात लावला आणि निखाऱ्यांत खुपसली. त्या भरताचा वास आजूबाजूच्या सगळ्या तंबूंपर्यंत गेला असेल. कितीतरी वर्षांनी चुलीवरचं भरीत केलं, म्हणाल्या. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. वांगं न खाणारा तो पोरगा त्यांच्या मांडीवर बसून भाकरीबरोबर भरीत खात होता. आई-बाबा इथे सहा महिने येतात आणि त्यांतले पाच महिने आपल्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर जातात. त्यांना रानात न्या, मंडळी. मी कळकळीने सांगते.

आता पाण्याबद्दल. इथे जरा माझं नीट ऐका.

आम्ही कृष्णेत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो, काठावर मामा उभा असायचा. आपल्यातले कितीतरी आई-बाबा अजिबात पोहायला न शिकता इथे आलेत आणि त्यांची मुलं तळ्यात उतरतात. ऑन्टारिओच्या प्रांतीय पार्कांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. तरंगत्या गोळ्यांची दोरी दिसली म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवतंय, असं नसतं. लक्ष आपणच ठेवायचं. लहान मूल बुडताना हाक मारत नाही, हात हलवत नाही. निमूटपणे खाली जातं. म्हणून पाण्याशी असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघत बसणं. हातात फोन नको, समोर पत्ते नकोत, वीस मिनिटांनी पाळी बदलायची. चार-पाच कुटुंबं एकत्र गेली की हे सगळ्यात अवघड होतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. लाइफ जॅकेट अंगाला बसणारं हवं. बऱ्याच पार्कांत ते उसनंही मिळतं. लाइफसेव्हिंग सोसायटीचा ‘स्विम टू सर्व्हाइव्ह’ नावाचा साधा निकष आहे: खोल पाण्यात कोलांटी खाऊन पडणं, एक मिनिट जागच्या जागी तरंगणं, मग ५० मीटर पोहणं. तुमच्या मुलांना एवढं येतं का? आणि तुम्हाला? मला येत होतं, नवऱ्याला येत नव्हतं. चौतिसाव्या वर्षी तो गावातल्या तरणतलावात सात वर्षांच्या मुलांशेजारी उभा राहून शिकला. मला त्याचा फार अभिमान आहे.

आणखी एक. नुकतंच चालू लागलेलं मूल असेल तर तळ्याला लागून असलेली साइट घेऊ नका, फोटोत कितीही सुंदर दिसू दे. तिथे तुमचा डोळा तीन दिवस मिटणार नाही. पाणी चालत पाच मिनिटांवर असावं.

चालण्याबद्दल एवढंच, की ‘स्प्रूस बॉग’ची पायवाट दीड किलोमीटर आहे, दलदलीवरून लाकडी फळ्यांचा रस्ता, तीन वर्षांचं मूल ती हसत करतं. सायकल आली की जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट आहे. संध्याकाळी घरी आल्यावर, म्हणजे तंबूत आल्यावर, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे टिक, म्हणजे रक्त पिणारी गोचीड, चिकटलीय का ते बघायचं. आम्ही मुलांना कपडे बदलतानाच बघतो.

ऑगस्टमधल्या गुरुवारी तिथे कधीकधी लांडग्यांना साद घालण्याचा कार्यक्रम असतो. १९६३ पासूनची ही प्रथा. आदल्या रात्री हायवेजवळ कळप सापडला तरच होतो, नाहीतर नाही. आम्ही पाच वर्षं थांबलो. मग एकदा जमलं. शेकडो गाड्या काळोखात हायवेच्या कडेला, दिवे बंद, माणसं बाहेर उभी, कुणी खोकतही नाही. पार्कच्या माणसाने तोंडाशी हात धरून लांब हेल काढला. शांतता. पुन्हा काढला. आणि झाडांच्या पलीकडून उत्तर आलं, आधी एक, मग सगळे, मधे पिल्लांचे किनरे आवाज. थोरलीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. धाकटा बाबाच्या खांद्यावर जागा होता. परतताना गाडीत चौघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये निघायच्या सकाळी थोरली धाकट्याला त्या खडकाशी घेऊन गेली होती. त्याला चढता येत नव्हतं. ती त्याला सांगत होती, ‘इथे पाय ठेव. मी पण चार वर्षांची असताना इथेच ठेवायचे.’

मी चहाच्या टेबलाशी थांबते. आमच्याकडे दोन तंबू आहेत, त्यातला मोठा जुलैभर रिकामा असतो, कुणाला पहिल्यांदा जाऊन बघायचं असेल तर घेऊन जा. खाट, शेगडी, फोमच्या मॅटसुद्धा. ज्यांना ऑगस्टचं बुकिंग करायचंय त्यांनी फोन बरोबर आणा, साइटचा नकाशा एकत्र बघू. आणि टार्प मी स्वतः दुमडून दाखवीन.