इशिगामीचं गणित आणि बाकावरचा माणूस

मंडळी, आजची कादंबरी तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे असं मी धरून चालते. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी राग मानू नये. शेवट फोडल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही.

केगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ मूळ जपानीत २००५ साली आली. तिला नाओकी हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये इंग्रजी अनुवाद झाला आणि २०२३ मध्ये तिच्यावरून हिंदीत ‘जाने जान’ हा चित्रपट निघाला.

खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं. पैशासाठी छळायला आलेल्या माजी नवऱ्याचा, तोगाशीचा, यासुको आणि तिची मुलगी कोतात्सूच्या, म्हणजे खाली हीटर बसवलेल्या बुटक्या टेबलाच्या, वायरीने गळा आवळतात. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी भिंतीपलीकडून सगळं ओळखतो आणि मदतीला येतो. पुढची सगळी कादंबरी एकाच प्रश्नावर उभी आहे: त्याने पोलिसांना चकवलं कसं?

इथे लेखकाला मी मनापासून दाद देते. इशिगामी शाळेत मुलांना जो प्रश्न घालतो, तो दिसतो भूमितीचा आणि सुटतो फंक्शनच्या, म्हणजे बीजगणिताच्या अंगाने. खुनाच्या प्रकरणातही त्याने तेच केलंय. दहा मार्चच्या रात्री मायलेकी कुठे होत्या याचा पोलीस पिच्छा पुरवतात. त्या सिनेमाला गेल्या होत्या, रामेन खायला गेल्या होत्या, आणि हे सगळं खरं आहे. कारण तोगाशी मेला नऊ तारखेला. नदीकाठी चेहरा ठेचलेलं, बोटांचे ठसे जाळलेलं जे प्रेत सापडलं, ते दहा तारखेला मारलेल्या दुसऱ्याच माणसाचं होतं. सुरुवातीची प्रकरणं पुन्हा काढून बघा. तोगाशी ज्या दिवशी मेला त्याची तारीख लेखकाने कुठेही दिलेली नाही. ती आपण आपल्या मनाने भरतो. खोटं एक अक्षर न लिहिता वाचकाला फसवणं ही फार मोठी कारागिरी आहे.

पण तो दुसरा माणूस कोण?

पहिल्या प्रकरणात इशिगामी शाळेला निघतो तेव्हा नदीकाठच्या निळ्या ताडपत्र्यांवरून जातो. तिथे एक जण रोज रिकामे डबे चेपत बसलेला असतो. पुढे बाकावर एक नवखा माणूस आहे. तो अजून त्या वस्तीत मुरलेला नाही, तांत्रिक मासिक वाचतोय, काम मिळेल अशी आशा धरून आहे. इशिगामी त्याला मनातल्या मनात ‘इंजिनिअर’ म्हणतो. त्यानंतर हा माणूस कथेतून नाहीसा होतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. प्रेत त्याचंच. त्याला खोटं काम देऊन फसवलं, एका खोलीवर पाठवलं आणि मारलं. यासुकोच्या हातून जे घडलं ते त्या झटापटीत घडलं. इशिगामीने मात्र थंड डोक्याने, दुसऱ्या दिवशी, कुणाचं काही वाकडं न केलेल्या माणसाचा जीव घेतला.

आणि शेवटी आपण रडतो कुणासाठी? इशिगामीसाठी. मीही रडले. गळफास लावायच्या बेतात असलेल्या त्या माणसाला शेजारी राहायला आलेल्या मायलेकींनी वाजवलेल्या दारावरच्या एका घंटीने जगवलं, त्या घंटीचं ऋण तो फेडतोय, हे वाचताना गळा दाटून येतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. लेखकाने भावनेचा सगळा प्रकाश एका चेहऱ्यावर टाकला आणि दुसरा चेहरा खरोखरच ठेचून टाकला.

लेखकाला हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. जगात कुठलंही चाक निरुपयोगी नसतं आणि त्याचा उपयोग काय हे त्या चाकानेच ठरवायचं असतं, असं या प्रकरणाचा छडा लावणारा भौतिकशास्त्रज्ञ युकावा आपल्या जुन्या मित्राला, इशिगामीला, सुनावतो. म्हणजे कादंबरीत हा विचार आहे. पण त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं आणि इशिगामीच्या भक्तीला अख्खा शेवट. यासुकोचंही तसंच. ती पूजेची मूर्ती म्हणून उभी राहते, बाई म्हणून फारशी कळत नाही.

जपानमध्ये या पुस्तकावर मोठा वाद झाला. ही अस्सल कोड्याची कादंबरी आहे का, वाचकाला पुरेसे दुवे दिलेत का, यावर समीक्षक भांडले. दुव्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते चोख आहेत. मला खटकतं ते हे की ज्या वस्तीकडे पोलीस बघत नाहीत, तिच्याकडे आपणही बघत नाही, आणि रहस्य टिकतं ते त्याच आधारावर. लेखकाने हे जाणूनबुजून केलं असेल, तर शेवटच्या प्रकरणात त्या इंजिनिअरला एक खरं नाव तरी द्यायला हवं होतं.